नात्याचा रकाना

सावलीत उभ्या असलेल्या, पोटभर वैरण खाल्लेल्या ओंगोल बैलाचा श्वास मिनिटाला वीस ते तीस. मोजायला त्याच्या नाकाशी जावं लागत नाही. शेवटच्या बरगडीमागची कूस बघायची. एकदा फुगून बसली की एक.

*

१९८३ साली पेदकोंडूरला एकाच मांडवात दोन लग्नं झाली. पुरोहित एक, आचारी एक, सनईवाले एकच. गुंडपनेनींच्या थोरल्या मुलानं तुम्मलांची मुलगी घरी आणली आणि गुंडपनेनींची मुलगी तुम्मलांकडे गेली. साटंलोटं. आपली मुलगी दिल्याशिवाय तुम्मल त्यांची देणार नव्हते.

*

सहायक प्राध्यापक, पशुशरीरक्रियाशास्त्र. पद एक. या विषयात यापूर्वीची भरती: नऊ वर्षांपूर्वी.

*

बेडकाच्या हृदयाला कप्पे तीन.

*

पशुवैद्यक महाविद्यालयाच्या गोठ्यात एक बैल आहे. त्याच्या डाव्या कुशीला बशीएवढं भोक पाडून रबरी झाकण बसवलेलं आहे. दर सोमवारी हैमवती ते झाकण काढते, खांद्यापर्यंत हात आत घालते आणि कोटीपोटातला चारा मूठभर बाहेर काढते. बैल रवंथ करत उभा राहतो. हैमवतीच्या सगळ्या सदऱ्यांची उजवी बाही कापलेली आहे. डावी शाबूत.

*

त्या गुरुवारी पांढऱ्या गाडीची मागची सीट रिकामी होती.

*

रकाना १. उमेदवाराचे नाव (घराण्याचे नाव आधी)

त्या गुरुवारी वीरराघवय्यांचं, घरातल्या तिघा भावंडांच्या वडिलांचं, तद्दिनं होतं, म्हणजे वर्षश्राद्ध. भटजी दक्षिणा घेऊन गेले होते. कावळ्यानं गारेलू, म्हणजे उडदाचे वडे, फारसे आढेवेढे न घेता उचलले होते. पडवीत केळीची पानं मांडून घरचे लोक जेवायला बसले, तेव्हा दीड वाजला होता आणि पत्रे तापून कडकड वाजत होते.

"यादी लागली," अनसूया म्हणाली. "सात नावं आहेत. त्यातली आपली दोन."

कोटेश्वरराव, तिचे थोरले भाऊ, पशुवैद्यक महाविद्यालयाचे डीन, भातातल्या मुद्दपप्पूत, घट्ट वरणात, तूप कालवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "यादी मलाही दिसते, अनसूया."

"दिसते. वाचतोस का? तिसरं नाव जी. हैमवती. आणि निवड समितीत कोण? जी. कोटेश्वरराव. पंखे पुसणारा शिपाईसुद्धा म्हणेल, पुतणी आहे. मग अन्नय्या, तुला समितीतून उठावं लागेल. सातवं नाव टी. भानुमूर्ती. तुम्मल. ते कोण ओळखणार आहे?"

"अक्का," शेषगिरी म्हणाला, "आज? जेवताना?"

"जेवतानाच. जेवण झालं की तुम्ही सगळे आडवे होता."

शेषगिरी तिघांत धाकटा. शेती आणि बैल त्याच्याकडे राहिले होते. हैमवती त्याची एकुलती एक मुलगी. ती पडवीच्या टोकाला आवकायची, कैरीच्या लोणच्याची, बरणी घेऊन उभी होती आणि वाढायचं थांबली नव्हती.

"काय करायचं म्हणताय, अत्ता?" तिनं आत्याला विचारलं.

"तू अर्ज मागं घ्यायचास. आज पाचपर्यंत घेता येतो. जी. गेला की यादीत डीनच्या नात्याचं कोणी उरत नाही. अन्नय्या खुर्चीत बसेल आणि शनिवारी मुलाखत होईल. पुढची जागा निघेल ती तुझी. सरळ आहे."

"भानू बावा उरतो ना. डीनच्या बहिणीचा मुलगा. शिवाय बायकोच्या भावाचा मुलगा. माझं नातं एकपदरी आहे, त्याचं दुपदरी."

"ते कागदावर कुठंय?"

"समितीच्या कागदावर नातं विचारलंय, अत्ता. घराण्याचं नाव नाही."

अनसूयेनं पानातलं गारे मोडलं. "बघितलंस, अन्नय्या? अजून मुलाखत झाली नाही आणि मला शिकवायला लागली."

भानुमूर्ती आईच्या शेजारी बसला होता. चौतिशीचा, विजयवाड्याच्या एका पशुखाद्याच्या कंपनीत कामाला. त्यानं दह्याची वाटी उचलली आणि सगळं दही एकदम भातावर ओतलं. त्याला दही आवडत नसे.

रकाना ४. शैक्षणिक अर्हता

अनसूयेची: इंटरमीजिएट, पहिलं वर्ष. प्राणिशास्त्रात महाविद्यालयात पहिली.

हे अर्जात नसतं कारण तिनं अर्जच केलेला नाही. पण तिला ते रोज आठवतं असंही नाही. तद्दिनाला मात्र आठवतं, कारण वडिलांच्या फोटोला हार घालताना फोटोमागचं भिंतीतलं कपाट दिसतं आणि त्या कपाटात तिची प्राणिशास्त्राची वही होती. बेडकाचं हृदय तिनं तीन रंगांत काढलं होतं. बाईंनी ते वर्गाला दाखवलं. त्यानंतर सोळा दिवसांनी मांडव पडला.

अन्नय्या तेव्हा पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला कनकदुर्गा हवी होती. तुम्मल म्हणाले, आमच्या मुलाला तुमची द्या. वडिलांनी अनसूयेला विचारलं नाही, अन्नय्याला विचारलं. अन्नय्या म्हणाला, बघू.



त्यानं पदवी घेतली, एम.व्ही.एस्सी. केलं, पीएच.डी. केली, डीन झाला. तिनं चोवीस म्हशींचं दूध घातलं आणि चार वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर म्हशी विकल्या. मुलाला तिनं स्वतःचा विषय घ्यायला लावला. भानू बारावीत असताना तिनं त्याला बेडकाचं हृदय काढून दाखवलं, तर तो म्हणाला, अम्मा, तुला कसं येतं?

आज तिला एकच गोष्ट परत हवी होती. हैमा वाईट मुलगी आहे असं तिला वाटत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तिनं भानूसाठी हैमाला मागितलं होतं. हैमा नाही म्हणाली. ते अनसूयेनं गिळलं होतं. गिळलेलं सगळंच पचतं असं नाही.

"अन्नय्या," ती म्हणाली, "एका तागडीत तुझी पदवी होती आणि दुसऱ्या तागडीत मी. मी तेव्हा काही बोलले नाही."

कोटेश्वररावांनी पाण्याचा पेला उचलला, आत बघितलं, परत ठेवला.

"बघू," ते म्हणाले.

रकाना ५. अनुभव

कोटेश्वररावांची बायको कनकदुर्गा परमान्नं, म्हणजे गुळाची खीर, वाढत होती. तिला दोन्ही बाजूंनी पान लागत होतं: भानू तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा, आणि हैमा आई गेल्यानंतर कॉलेजची पाच वर्षं तिच्याच घरात, तिच्याच हातचं खाऊन वाढलेली. आज सकाळपर्यंत ती भानूच्या बाजूची होती. भाऊ गेला, त्याचा मुलगा परक्या कंपनीत पोती विकतो, हे तिला बरं वाटत नव्हतं. हैमाला तर काम होतंच. त्याच विभागात, कंत्राटी.

"हैमा तिथंच आहे की," ती म्हणाली. "ती शिकवतेय. भानू आला तर दोघं एका विभागात होतील. घरचेच."

"पेद्दम्मा," हैमा म्हणाली, "पद भरलं की कंत्राट संपतं."

"म्हणजे?"

"मी रिकाम्या जागेवर आहे. जागा रिकामी म्हणून मी आहे. सोमवारी कुणी रुजू झालं, तर सोमवारी माझी खुर्ची त्याची. बैलाचं झाकणसुद्धा."

कनकदुर्गा पळी हातात धरून तशीच उभी राहिली. तिला हे खरोखर माहीत नव्हतं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं, ते त्याच्या मानेवरून दिसलं.

"तिला सवय आहे," अनसूया म्हणाली. "पाच वर्षं दर वर्षी नवीन कागदावर सही करतेय. आणखी दोन-चार वर्षं कुठंतरी करेल. एकटीच तर आहे."

हे वाक्य बोललं गेलं नसतं तर दुपार कदाचित वेगळी गेली असती. कनकदुर्गेनं अनसूयेच्या पानावर वाढायला घेतलेलं परमान्नं परत पातेल्यात टाकलं.

"वदिना, मला वाढ की."

"वाढते. आधी मला सांग, एकटी म्हणजे काय? तिचं पोट अर्धं असतं?"

"मी तसं नाही म्हणाले."

"तसंच म्हणालीस. तुझा मुलगा माझा भाचा आहे, पण ही माझ्या घरात गोवर काढून उठलीय." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही बोला. डीन आहात ना? त्या नात्याच्या कागदावर सही कुणाची लागते?"

"माझी."

"मग काय लिहिणार?"

कोटेश्वररावांनी पान आपल्याकडे दुमडलं. श्राद्धाचं पान कुठल्या बाजूला दुमडायचं हे त्यांना दर वर्षी कुणीतरी सांगावं लागे, आज कुणी सांगितलं नाही. "हैमाला वाटेल ते तिनं करावं," ते म्हणाले. "मी कुणावर जबरदस्ती करणार नाही."

"शेषू?" अनसूयेनं धाकट्याकडे बघितलं.

शेषगिरी हात धुवायला उठला होता. "अन्नय्या म्हणतील तसं," तो म्हणाला. आयुष्यभर तो हेच म्हणत आला होता आणि बहुतेक वेळा त्यात काही वाईट झालं नव्हतं.

हात धुताना कनकदुर्गेची नजर फाटकाकडे गेली. नवऱ्याची पांढरी गाडी कडुनिंबाखाली लावली होती. मागची सीट मोकळी. तिला ते सकाळपासून खटकत होतं. कुठल्याही निवडीच्या आधीच्या आठवड्यात उमेदवारांच्या फायली लाल कापडात बांधून घरी येत आणि ती त्यासाठी कोपऱ्यातली खोली रिकामी करून ठेवी. या वेळी खोली रिकामी केली होती. फायली आल्या नव्हत्या. विचारायचं राहून गेलं, कारण त्याच वेळी गोठ्याकडून शेषगिरीनं हाक मारली.

रकाना ७. प्रात्यक्षिक कौशल्य

छप्पन्न. हैमानं पूर्ण मिनिट मोजलं. परत मोजलं. अठ्ठावन्न.

भीमण्णा नावाचा पाच वर्षांचा बैल पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेला होता. मान लांब केलेली, तोंड किंचित उघडं, ओठावरून लाळेची तार. संक्रांतीला दगड ओढण्याच्या शर्यतीत पहिला आलेला, घरातल्या कुणापेक्षाही जास्त फोटो निघालेला बैल.

"पाणी प्यायला का?" भानूनं विचारलं. तो तिच्या मागोमाग आला होता, चपला न घालता, तापलेल्या मातीवर पाय उचलत.

"तोंड लावलं नाही म्हणतो नान्ना."

"ताप बघ. मी कोटीपोट बघतो."

"तू बैलाच्या उजव्या बाजूला उभा आहेस, बावा."

भानूनं बघितलं, मान हलवली आणि वळसा घालून डावीकडे आला. "सहा वर्षं पोती विकतोय," तो म्हणाला. त्यानं मूठ वळून कुशीच्या खळग्यात दाबून धरली.  थर्मामीटर शेपटीखाली होतं, त्याची दोरी हैमाच्या बोटात.

"दोन मिनिटांत एकदाच हललं," तो म्हणाला. "तेही अर्धवट."

"चाळीस पॉइंट तीन."

मग त्यांनी वाद घातला नाही. भानूनं पाइप जोडला, हैमानं दावं सोडलं. पाणी मानेवर, खांद्यावर, पायांवर, सावकाश. शेषगिरी दोन बादल्या घेऊन उभा होता, त्याला कुठं ओतायचं ते कळेना.

"नान्ना, हा शेडमध्ये का?" हैमानं वडिलांना विचारलं. "याची जागा कडुनिंबाखाली आहे."

शेषगिरीनं फाटकाकडे बघितलं. "अन्नय्यांची गाडी आली. गाडीचं सीट तापतं म्हणाले. मी म्हटलं, एक दिवस..."

 भानू हसला, पण आवाज न करता. मग तो पडवीकडे गेला, मामाकडून किल्ली मागून घेतली आणि गाडी उन्हात काढली. भीमण्णा आपल्या पायांनी कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिला. अर्ध्या तासानं तो पाणी प्याला, एका दमात दीड बादली.

"मला ती जागा हवी आहे, हैमा," भानू म्हणाला. दोघं गव्हाणीच्या कठड्यावर बसले होते. "खोटं कशाला बोलू? माझे शोधनिबंध तुझ्यापेक्षा चार जास्त आहेत."

"तीन. एकात तुझं नाव सातवं आहे."

"बरं, तीन. पण मुलाखत घेणाऱ्यात मामय्या नकोत. मिळाली तर जन्मभर विद्यार्थी म्हणतील, मामानं बसवलाय."

"मग अत्ताला सांग."

त्यानं गव्हाणीतली एक काडी उचलून मोडली.

"सांग की."

"तू सहा वर्षांपूर्वी तिला नाही म्हणालीस," भानू म्हणाला. "त्यानंतर ती तीन महिने मला दोन्ही वेळ तुझं नाव घेऊन वाढायची. तू एकदा नाही म्हणालीस. मी रोज तिच्या घरात राहतो."

हैमानं बैलाची कूस बघितली. मोजलं. चव्वेचाळीस. "मी तेव्हा हो म्हटलं असतं तर आज बायको म्हणून माघार घेतली असती," ती म्हणाली. "आता पुतणी म्हणून घ्यायची. माघारीचं काम माझ्याकडेच."

"घेऊ नकोस."

"पेदनान्ना एक शब्द बोलले असते तर घेतली नसती. ते म्हणाले, तुला वाटेल ते कर. मला शिकवलं त्यांनी, बावा. पहिला बेडूक त्यांनी टेबलावर ठेवून दिला. तो माणूस माझ्या तोंडाकडे न बघता पान दुमडतो, याचा अर्थ मी काय घ्यायचा?"

 भानू आपल्या भाजलेल्या तळव्यांवर पाणी घेत बसला.

रकाना ९. अर्ज मागे घेण्याचे कारण

पत्र हैमानं पडवीतच लिहिलं. तीन ओळी. अनसूयेनं वाचलं, घडी केली आणि शेषगिरीच्या खिशात घातलं.  कोटेश्वरराव आत वडिलांच्या फोटोखाली आरामखुर्चीत डोळे मिटून होते. झोपलेल्या माणसाचा श्वास इतका अनियमित नसतो.

शेषगिरी मोटारसायकलवरून पन्नास मिनिटांत विद्यापीठात पोचला. साडेचार वाजले होते. आवक खिडकीला जाळी होती आणि जाळीमागं वाचायचा चष्मा कपाळावर ठेवलेला एक कारकून.

शेषगिरीनं पत्र काढलं. द्यायच्या आधी उघडलं. मुलीचं अक्षर त्यानं बऱ्याच वर्षांनी कागदावर बघितलं. ती हल्ली फोनवरच लिहायची. 'वैयक्तिक कारणामुळे मी माझा अर्ज मागे घेत आहे.'

"साहेब, हे 'वैयक्तिक' म्हणजे काय?"

"म्हणजे स्वतःचं कारण. सगळे तेच लिहितात."

"हिचं स्वतःचं नाहीये. घरातल्या पाच जणांचं आहे."

कारकुनानं चष्मा खाली घेतला. "मग पाच जणांच्या सह्या आणा."

तो थट्टा करत होता. शेषगिरीला मात्र ते पटलं. तो मनाशी सह्या मोजायला लागला. अक्का करेल. वदिना आता करणार नाही. भानू करणार नाही, त्याचं तोंड गोठ्यात बघितलं होतं. अन्नय्या म्हणतील, बघू. राहिला तो स्वतः. पेन खिशाला होतं. सकाळी त्यानं आपल्या हातानं पहिल्या नंबरचा बैल तापत्या पत्र्याखाली बांधला होता, कारण गाडीचं सीट तापू नये असं कुणीतरी म्हणालं. म्हणालं म्हणजे काय, नुसतं पुटपुटलं. आणि त्यानं दावं सोडलं. बैल तर बोलतही नाही. त्याला विचारायचं राहिलं, एवढंच.

"देताय का?" कारकुनानं विचारलं. "पाचला खिडकी बंद."

"नाव लिहून घ्या," शेषगिरी म्हणाला. "जी. हैमवती माझी मुलगी. डीनची सख्खी पुतणी. आणि टी. भानुमूर्ती त्यांचा सख्खा भाचा. कुठं लिहायचं असतं ते मला माहीत नाही. पण लिहा."

कारकुनानं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "ते मी लिहायचं नसतं," तो म्हणाला. "आणि तुमच्या घरचे लोक एकमेकांशी बोलत नाहीत का?"

"बोलतात. दुपारभर बोलत होते."

"असं." त्यानं नोंदवही मिटली. "जा. उन्हातनं आलाय, पाणी पिऊन जा."

शेषगिरी पत्र घेऊन परत निघाला. वाटेत गुंडलकम्माच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली, पण पत्र नदीत टाकलं नाही. नदीला पाणी नव्हतं. ते त्यानं घरी आणून हैमाच्या हातात दिलं.

"नान्ना, खिडकी बंद झाली होती?"

"उघडी होती."

तिनं पत्राची घडी उलगडली.

"भीमण्णा कसा आहे?" त्यानं विचारलं.

"सव्वीस," ती म्हणाली.

अनसूया पडवीत उभी होती. तिनं ते सगळं ऐकलं. ती आत गेली, पिशवी घेतली, आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. त्या दिवशी ती भावाच्या गाडीतून गेली पण बोलली नाही. पुढं बरेच दिवस बोलली नाही.

रकाना ११. निवड समितीचा शेरा

शनिवारी बाहेरच्या बाकावर सात जण होते. नावं इंग्रजी वर्णक्रमानं पुकारत होते, म्हणून जी. आधी. भानू बाकाच्या टोकाला होता. कनकदुर्गेनं दोघांसाठी एकच डबा दिला होता, लिंबाचा भात, आणि चमचे दोन. दोघांनी तो मिळून संपवला. बाकीच्या पाच जणांनी त्यांच्याकडे संशयानं बघितलं.

हैमा आत गेली. लांब टेबल. मधे कुलगुरू. डीनच्या खुर्चीत एक बाई होत्या, पिकलेल्या केसांच्या, हरयाणातून बोलावलेल्या. पेदनान्ना नव्हते. हैमानं खोलीत एकदा सगळीकडे बघितलं, जणू ते कपाटामागं वगैरे उभे असतील.

दहा मिनिटं तिनं फळ्यावर शिकवलं: बैलाचं शरीर उन्हात स्वतःला कसं गार ठेवतं, घाम कुठून येतो, धाप कधी लागते. तिच्या उजव्या हातात खडू होता. सदरा नवा होता, दोन्ही बाह्यांचा, आणि उजवी बाही तिला सारखी अडत होती.

"बैल धापतोय," बाई म्हणाल्या. "चाळीस पॉइंट तीन ताप. गोठ्यात पाणी आहे, चारा आहे. तुम्ही पोचलात. सगळ्यात आधी काय बघाल?"

 तो आकडा या खोलीत कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. योगायोग होता, चाळीस पॉइंट तीन हा तसा नेहमीचाच आकडा आहे.

"त्याच्या सावलीत कोण उभं आहे ते," ती म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

"बैल स्वतःहून उन्हात जात नाही, मॅडम. त्याला कुणीतरी हलवलेलं असतं. श्वास, ताप, कोटीपोट, सगळं मोजायचंच. पण त्याची जागा कुणाला दिली ते आधी विचारायचं. नाहीतर आज पाणी ओतून उपयोग नाही, उद्या तो परत तिथंच बांधलेला असतो."

"आणि विचारल्यावर घरचे काय सांगतात?"

"घरचे बहुतेक गप्प बसतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं, पुढचा प्रश्न रक्तातल्या क्षारांवर होता, त्याचं उत्तर हैमानं निम्मंच बरोबर दिलं.

भानू तिच्यानंतर चौथा. तो बाहेर आला तेव्हा म्हणाला, "मामय्या नव्हते." आवाजात सुटकाही होती आणि दुसरंही काही होतं. "अम्माला काय सांगू?"

"नव्हते हेच सांग."

"ती म्हणेल, हैमानंच त्यांना घालवलं."

"म्हणू दे."

निकाल सोळा दिवसांनी लागला. निवड: जी. हैमवती. प्रतीक्षायादीत पहिला: टी. भानुमूर्ती. त्या संध्याकाळी कोटेश्वरराव पेढे घेऊन शेषगिरीकडे आले. त्यांनी गाडी फाटकाबाहेर, उतरत्या उन्हात लावली. हैमानं पेढा घेतला, पाया पडली आणि विचारलं, "पेदनान्ना, त्या दिवशी पडवीत का नाही बोललात?"

"तुझ्या अत्तासमोर मला नाही म्हणता येत नाही," ते म्हणाले. "त्र्याऐंशीपासून." मग म्हणाले, "मला वाटलं, तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल."

समितीतून आपल्याला वगळावं असं सांगणारं कोटेश्वररावांचं पत्र, त्यात पुतणी आणि भाचा ही दोन्ही नावं आणि दोन्ही नाती लिहिलेली, त्याच जाळीच्या खिडकीत आवक क्रमांक ४१२ ला नोंदलं गेलं होतं: तद्दिनाच्या अकरा दिवस आधी.